माले कोठे जानं शे?

गेट जेमतेम वीतभर उघडायचं, त्या फटीत उजवा गुडघा घालायचा आणि वरून मान काढून समोरच्याशी बोलायचं, अशी गेटवाल्या ताईंची रीत होती. गुडघ्यामागे कुत्र्यांची निरनिराळ्या रंगांची नाकं. एखादं नाक फार पुढे आलं की त्या न बघताच ते हाताने मागे सारायच्या आणि बोलणं चालू ठेवायच्या. पोस्टमन असो, भाजीवाली असो की साडीला फॉल लावून घ्यायला आलेली एखादी बाई, सगळ्यांना त्यांचं दर्शन गुडघ्यापासून वर.

"चला की ताई, गंगेवर चक्कर मारून येऊ," असं गोदाघाटावर निघालेलं कुणी म्हटलं की त्या हसायच्या आणि म्हणायच्या, "माले कोठे जानं शे?"

मला कुठे जायचंय? माहेर सटाण्याकडचं. इतकी वर्षं नाशकात काढूनही त्यांची अहिराणी टिकून होती, निदान या वाक्यापुरती आणि कुत्र्यांशी बोलण्यापुरती. तुम्हीही तुमच्या गावात अशी एखादी बाई पाहिली असेल. तिच्या घराला लोक 'कुत्र्यांचं घर' म्हणतात आणि रिक्षावाल्याला पत्त्याची खूण म्हणून सांगतात. तुम्ही लांबूनच पाहिली असेल. सुरुवातीला मीही लांबूनच पाहत होते. वास येतो म्हणून पलीकडच्या बाजूने चालायचे.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. बँकेतल्या बदलीमुळे मी नाशिकला आले आणि पाथर्डी फाट्याच्या अलीकडे एक खोली भाड्याने घेऊन एकटी राहू लागले. एका संध्याकाळी घरी परतताना माझ्यासमोर एक पिवळं पिल्लू टेम्पोखाली आलं. टेम्पो निघून गेला. पिल्लू रस्त्याच्या कडेला फिरकीसारखं गोल गोल फिरत ओरडत होतं. मी पिशवीतली मेथी रस्त्यावर ओतली आणि पिल्लाला पिशवीत घातलं. पुढे काय करायचं ते मला माहीत नव्हतं. पानवाला म्हणाला, "गेटवाल्या ताईंकडे न्या."

"मी घेत नाही," त्या गुडघ्याच्या वरून म्हणाल्या. "घर भरलंय. लोकांना वाटतं इथं धर्मशाळा हाये."

पिशवी रडत होती, आणि मीही.

त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं. "घेत नाही. पण शिकवते. आत ये. सावकाश नको येऊ, गेट उघडलं की उडीच मार."

मी साडीत होते. तरी उडी मारली.

द्राक्षांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची पट्टी कापून, जुन्या परकराच्या चिंध्या गुंडाळून त्यांनी तो पाय बांधला. मी पिल्लाचं तोंड धरलं होतं. "असं धरू नको, दम कोंडेल. घट्ट नाही, पक्कं धर." काम झाल्यावर त्यांनी विचारलं, "नाव काय?"

मी माझं नाव सांगू लागले.

"तुझं काय करायचंय मला? हिचं."

सुचलं ते मी म्हटलं, सोनी. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'सोनीनी माय' झाले. खरं नाव त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी विचारलं, तेही आपल्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मला देताना वर काय लिहावं असा प्रश्न पडला म्हणून.

आमच्यात सगळ्यांची नावं अशीच. रफिकभाई रिक्षा चालवायचे आणि स्टँडवरच्या कुत्र्यांना रोज पाव घालायचे. त्यांच्या लाडकीचं नाव बेगम, म्हणून ते 'बेगमचे अब्बा'. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर होते, ते 'राजाचे बाबा'. आम्ही तिघं एकमेकांना दुसरीकडे कुठे भेटलो असतो तर नमस्कारही केला नसता. पण दर रविवारी सकाळी आम्ही त्या गेटच्या बाहेर रस्त्यावर उभे असायचो आणि त्या आत. चहाचे कप गेटवरून यायचे. कुणाच्या कुत्र्याला खरूज झाली, कुणाच्या घरमालकाने नोटीस दिली, कुणाचं जनावर रात्रीत मेलं, सगळं तिथेच बोलायचं. मेलेल्या कुत्र्यासाठी माणसाने दोन दिवस का जेवू नये हे ज्यांना सांगावं लागत नाही, अशी माणसं फार थोडी असतात. मला ती तिथे मिळाली. येणारे-जाणारे आम्हाला विचारायचे, "टँकर येणार आहे का हो?"

रविवारी कधी कधी त्यांचे यजमानही असायचे. त्यांची अंबड एमआयडीसीतली कंपनी बंद पडली, तेव्हा त्यांना सिल्वासाला काम लागलं. ठरलं होतं असं, की मुलीची बारावी झाली की ह्याही तिकडे जाणार. तेव्हा घरात चारच कुत्री होती. दोघांची सोय लावली, तोवर तिघं आली. कुणीतरी सकाळी गेटशी खोकं ठेवून जायचं. द्राक्षाचं खोकं, वर भोकं पाडलेली, आत मुठीएवढी पिल्लं. "थंडी संपली की येते," असं त्या दरवर्षी सांगायच्या. यजमान पेठमार्गे येणाऱ्या गाडीने महिन्यातून दोनदा यायचे, शांतपणे एका कोपऱ्यात बसायचे. त्यांच्या खुर्चीवर मामलेदार नावाचा एक लठ्ठ कुत्रा बसलेला असायचा. तो उठायचा नाही.

"या घरात मी पाहुणा," ते आम्हाला म्हणायचे. "यजमान तो."

आम्ही हसायचो. ते चांगले गृहस्थ होते, म्हणून हसता यायचं.

पण हसण्यावारी नेता येणार नाही असंही होतं. ताईंची आई गेली तेव्हा त्या सकाळच्या गाडीने सटाण्याला गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. दहाव्याला गेल्या नाहीत. भावाने त्यानंतर बोलणं टाकलं. मी विचारलं, तेव्हा त्या मशीनवर फॉल शिवत होत्या. "माझ्या आईजवळ चार सुना होत्या," त्या म्हणाल्या. "यांच्याजवळ कोण हाये?" आणि सुई थांबवून, "मी याला प्रेम म्हणायचे आधी. आता काय म्हणायचं कळत नाही."

मुलीचं लग्न घराजवळच्याच कार्यालयात केलं. का, ते सगळ्यांना ठाऊक होतं. रफिकभाईंची रिक्षा दारात उभी. हळद लागली की घरी, सीमंतपूजन झालं की घरी. मंगलाष्टकांच्या वेळी वधूमाय कुठे म्हणून शोधाशोध झाली तेव्हा त्या धापा टाकत आल्या, शालूवर पांढरे केस. मी मागून ते झटकत होते. मुलगी अंतरपाटाआडून आईकडे बघत होती आणि हसत होती. ती समंजस पोरगी होती. लहानपणापासून घरातली सगळ्यांत शेवटी जेवायला बसणारी तीच होती.

मुलगी धुळ्याला गेली. वर्ष-दीड वर्षात गोड बातमी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून त्यांनी आतली खोली धुऊन काढली, चुना लावला, नवी गादी भरून घेतली. कुत्र्यांना ती खोली बंद झाली. मग विहीणबाईंचा फोन आला. मी तिथेच होते.

"रीत आम्हालाही माहितीये हो ताई," पलीकडचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. "पण तुमच्याकडे ओली बाळंतीण आणि तान्हं बाळ कसं ठेवायचं? राग मानू नका. तुम्हीच इकडे या. सव्वा महिना राहा. तुमचंच घर आहे."

"बरोबर हाये तुमचं," त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर पुन्हा एकदा म्हणाल्या, "बरोबरच हाये."

त्या आत गेल्या आणि नव्या गादीची गुंडाळी करून ठेवली. खोलीचं दार उघडलं. सगळी कुत्री आत घुसली.

त्या रविवारी त्यांनी पहिल्यांदा आमच्याकडे काही मागितलं. तोवर आम्हीच मागत होतो. "मी विचारते," त्या म्हणाल्या, "सव्वा महिना कुत्री बघाल का? जमत नसेल तर सरळ नाही म्हणा. मला वाईट वाटणार नाही."

मास्तरांनी चहाचा कप गेटच्या खांबावर ठेवला. "सकाळी मी. माझी झोप पहाटे मोडतेच."

"खाना मेरी तरफ से," रफिकभाई म्हणाले. "चिकनवाल्याकडून पाय-मुंडकी आणतो, भात लावतो. आप बिनधास्त जाओ ताई. अपुन है ना इधर."

मी म्हटलं, मी राहायलाच येते. सोनीलाही घेऊन.

त्या कुत्र्यांकडे बघत राहिल्या. आपण गेलो तर चालेल, हे कुणी सांगितलं तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मला त्यांच्या चेहऱ्यावर भीती दिसली.

त्या धुळ्याच्या गाडीत बसल्या आणि मी त्यांच्या घरात.

लोकहो, लांबून बघितलेलं घर आणि आतून भोगलेलं घर यांत किती अंतर असतं, ते मला तेव्हा कळलं. सगळ्या खिडक्यांना जाळ्या. पंखा चालू असला तरी हवा हलत नव्हती. मी न्हाणीघरात गेले की दाराला नखांचे आवाज. खोकले की सगळी उठून बसायची. पोळी लाटायला बसले की पाठीला पाठ लावून एक, मांडीवर हनुवटी ठेवून दुसरं. कुणीच वाईट वागत नव्हतं. सगळी प्रेमानेच वागत होती, आणि मला श्वास घेता येत नव्हता. स्वयंपाकघरात एक ताट, एक वाटी, एक पेला. कॉटचे पाय विटांवर चढवलेले, खाली आजारी कुत्र्यांची जागा. कॉटवर त्यांच्या अंगाच्या आकाराचा एक खळगा होता, भिंतीकडे सरकलेला. उरलेली कॉट दुसऱ्यांची असणार. मी त्या खळग्यात झोपले. कूस बदलायला जागा नव्हती.

बँकेतून रजा घेतली होती. काही दिवसांनी लक्षात आलं, गेटसमोरच्या कडुनिंबाच्या पलीकडचं मी काहीच पाहिलेलं नाही. फक्त दूध घ्यायला म्हणून गेट उघडलं की माझाही गुडघा आपोआप फटीत जात होता.

एका सकाळी एक माणूस स्कूटरवरून खोकं घेऊन आला. चांगल्या कपड्यांतला, देवळातून आल्यासारखा, कपाळाला गंध.

"ताई नाहीत?"

"नाहीत. आणि आम्ही घेत नाही."

"अहो, नालीत मेली असती. पुण्य लागेल तुम्हाला." त्याने खोकं खाली ठेवलं.

"तुम्हीच घ्या की मग पुण्य," मी म्हटलं.

तो हसला. "आमच्याकडे लहान मुलं आहेत," म्हणाला आणि स्कूटर चालू केली. मी फटीत अडकलेली, मागे इतकी कुत्री; त्याच्यामागे धावू शकत नव्हते. त्याला ते माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. गेटवाली बाई मागे धावत येत नाही, म्हणून तर खोकी तिथे यायची.

रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा. मुलीची खुशाली त्या एका वाक्यात सांगायच्या आणि मग विचारायच्या, "काळी जेवनी का?"

काळी ही त्यांची सगळ्यांत म्हातारी, दोन्ही डोळ्यांनी आंधळी. पहिले दोन दिवस तिने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. दाराकडे तोंड करून बसून होती. मी म्हटलं, "जेवली. आत्ताच झोपली." खोटं बोलताना काळी माझ्यासमोरच बसलेली होती. तिसऱ्या दिवशी मास्तर तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि तिला हळू आवाजात वर्तमानपत्र वाचून दाखवू लागले, कांद्याचे भाव, लग्नाच्या जाहिराती, सगळं. मध्येच तिने त्यांच्या हातातला भाताचा गोळा घेतला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि वाचन चालू ठेवलं.

नात झाली. आम्ही गेटवर पेढे वाटले. सव्वा महिना राहणार होत्या, पण बारशाच्या आधीच एका दुपारी त्या रफिकभाईंच्या रिक्षातून उतरल्या. हातात पिशवी, केस विस्कटलेले. कुत्र्यांनी जो काही गोंधळ घातला त्यात पुष्कळ वेळ गेला. मग पायरीवर बसल्या.

"भांडण झालं का?" मी विचारलं.

"नाही गं. फार चांगली माणसं. पोरीनेच पाठवलं." त्या काळीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "रात्री बाळ रडलं की मी उठून दाराकडे जायचे. पिल्लू आलं म्हणून. एकदा नाही, रोज. पोरगी बघत होती. म्हणाली, आई, तुझा एक कान इथं नाहीच. तू जा. मी रागाने नाही म्हणत, खरंच जा."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

मग त्यांनी मान वर केली. "उपाशी कोण राहिलं?"

"काळी. दोन दिवस."

"काळीच फक्त?"

"बाकी सगळी जेवली."

"मामलेदारसुद्धा?"

"त्याला तर अपचन झालं."

त्या हसायला लागल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. आपल्यावाचून कुणाचं अडत नव्हतं, आणि आपण मात्र आईच्या दहाव्याला गेलो नव्हतो. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. पण रफिकभाईंनीही रिक्षाची चावी खिशात घातली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. त्या घरात ते तोवर कधी बसले नव्हते.

"आता नवं घेणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "हाये ते संपेपर्यंत."

संपेपर्यंत. शब्द उच्चारला आणि त्यांनी जीभ चावली. काळीचं डोकं मांडीवर घेतलं.

आम्ही तो शब्द पाळला, त्यांच्यापेक्षा कडक. रोज सकाळी मास्तर फिरायला म्हणून येऊन गेटसमोर उभे राहायचे. खोकं आलं की ताईंना कळायच्या आत उचलायचं. रफिकभाईंनी रिक्षाच्या मागच्या सीटखाली कित्येक पिल्लं नेली, घोटीला, निफाडला, द्राक्षांच्या मळ्यांवर राखणीला दिली. मास्तरांनी जुन्या विद्यार्थ्यांना गाठलं. 'तुला चित्रकलेत पास केलं होतं, आठवतं का?' असं म्हणून ते पिल्लू पुढे करायचे. माझ्याकडे सोनीच्या जोडीला आणखी दोन आली. कधी कधी आतून आवाज यायचा, "काय आलं रे?" आणि आम्ही तिघं एका सुरात म्हणायचो, "काही नाही, ताई."

मग एकेक कुत्रं जाऊ लागलं. काळी गेली, मामलेदार गेला. त्या प्रत्येकासाठी पहिल्यासारख्याच रडल्या. सिल्वासाहून यजमानांचा फोन यायचा, त्यांना धाप लागायची आता. "आता किती राहिली?" ते विचारायचे. त्यात त्यांचं काहीच चुकत नव्हतं. पण त्या फोनवर ओरडायच्या, "मोजू नका! तुम्ही मोजू नका!" नंतर मला म्हणाल्या, "ते मोठ्याने मोजतात, एवढंच. मी मनात मोजते."

त्यांची सुटका व्हायची तर त्या जिवांनी मरायचं, असा तो हिशेब होता. आणि त्यांना जगवण्यासाठी त्याच रात्रंदिवस धडपडत होत्या. सलाईन लावून हातात बाटली धरून तासन्‌तास उभ्या. मी एकदा म्हटलं, "ताई, म्हातारं झालंय ते. जाऊ द्या आता." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी पुन्हा तसं बोलले नाही.

नात तिकडे वाढत होती. तिच्यासाठी आजी म्हणजे फोन. एकदा आणली होती तिला. तिला कुत्र्यांच्या केसांनी दम लागायचा, म्हणून मुलगी तिला घेऊन शेजारच्या ओट्यावर बसली. त्या अंगणात, मध्ये कंपाउंडची भिंत. नातीने भिंतीवरून एक बिस्कीट दिलं. त्यांनी ते खाल्लं नाही. फडताळात ठेवलं, मुंग्या लागेपर्यंत.

सगळ्यांत शेवटी राहिली भिंगरी, तीन पायांची. ती फार जगली. मास्तर तिच्या आधी गेले. त्यांचा राजा आम्हीच सांभाळला. भिंगरीही गेली तेव्हा घरामागच्या मोकळ्या जागेत रफिकभाईंनी खड्डा खणला. माती लोटून झाल्यावर त्या घरात गेल्या आणि सगळी दारं उघडी टाकून भर दुपारी कॉटवर झोपल्या, मध्यभागी, हातपाय पसरून. मी बाहेर बसून होते. त्या झोपल्या नव्हत्या. छताकडे बघत होत्या.

यजमान तोवर निवृत्त झाले होते. दोघांनी धुळ्याला मुलीच्या घराजवळ जागा घेतली. त्या गेल्या आणि पुन्हा नाशिकला आल्या नाहीत. सुरुवातीला फोन यायचे. त्यात नातीच्या शाळेचं, गुडघेदुखीचं, धुळ्याच्या उन्हाचं सगळं असायचं, कुत्र्यांचं नसायचं. मीही तो विषय काढायचे नाही. पुढे मुलीचाच फोन आला, आई गेली म्हणून. झोपेत गेल्या. नात शेजारी झोपलेली होती.

मला त्यांचं शेवटचं दर्शन झालं ते ठक्कर बाजारच्या स्टँडवर. त्या नाशिक सोडून निघाल्या ती सकाळ, धुळ्याची गाडी लागलेली. त्या खिडकीशी, शेजारी यजमान, मांडीवर प्रवासात लागेल म्हणून बिस्किटांचा पुडा. आम्ही दोघं खाली उभे. रफिकभाई नेहमीसारखं बोलत होते, "पहुंचने के बाद मिसकॉल देना ताई." तेवढ्यात गाडीखालून एक कुत्री बाहेर आली. नुकतीच व्यालेली, आचळं लोंबणारी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. ती नेमकी त्याच खिडकीखाली येऊन उभी राहिली आणि वर बघून शेपूट हलवू लागली. तिला कुणी सांगितलं होतं, कोण जाणे.

त्यांनी तिला पाहिलं. मग मान सरळ केली आणि समोर ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघत बसल्या. बिस्किटांच्या पुड्यावरची बोटं इतकी आवळली की आतला चुरा झालेला मला ऐकू आला. इतक्या वर्षांत कुत्रं समोर असताना दुसरीकडे बघणाऱ्या त्या मला पहिल्यांदाच दिसल्या. यजमानांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. ताईंचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

ड्रायव्हर चढला. गाडी सुरू झाली. कुत्री बारीक आवाजात कुं कुं करू लागली.

रफिकभाई दोन पावलं पुढे झाले आणि खिडकी व कुत्री यांच्या मधे उभे राहिले, बसकडे तोंड करून, छाती काढून, आपलं सगळं आडवं अंग पसरून. उजवा हात हलवून ते हसत निरोप देत होते. डावा हात पाठीमागे होता. त्या हाताने त्यांनी कुत्रीचं तोंड धरलं होतं, घट्ट नाही, पक्कं. गाडी स्टँडच्या फाटकातून वळून दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.